बोंग जून-हो की ली चांग-डोंग? 'पॅरासाइट'नंतर कुणाकडे वळावं

'पॅरासाइट' आवडला, आता एका कोरियन दिग्दर्शकाचं सगळं काम ओळीने बघायचंय, असं कुणी म्हटलं की माझ्या मते निवड दोघांतच येते. एक 'पॅरासाइट'वालाच, बोंग जून-हो. दुसरा ली चांग-डोंग. (पार्क चान-वूकही थोर, पण त्याच्याकडचा रक्तपात सगळ्यांना झेपत नाही, म्हणून तूर्त बाजूला.) दोघंही देगू शहरात जन्मलेले. दोघंही आपल्या पटकथा स्वतः लिहितात, बोंग बरेचदा सहलेखकाला सोबत घेऊन. सोंग कांग-हो हा नटही दोघांकडे आहे. साम्य इथेच संपतं.

बोंग १९६९चा. समाजशास्त्र शिकला, मग फिल्म अकॅडमीत गेला आणि २००० साली पहिला चित्रपट केला. ली १९५४चा. तो आधी शाळामास्तर होता, मग कथा-कादंबरीकार झाला. १९९३ मध्ये पटकथा लिहायला म्हणून सिनेमात शिरला आणि स्वतःचा पहिला चित्रपट, 'ग्रीन फिश', आला तोवर चाळिशी उलटली होती. मधे २००३-०४ मध्ये देशाचा संस्कृती आणि पर्यटन मंत्री होऊन परत सेटवर आला. मंत्रिपदावरून उतरल्यावर 'सीक्रेट सनशाइन'सारखा चित्रपट करणारा दुसरा राजकारणी मला तरी माहीत नाही.

फरक कागदावरूनच सुरू होतो. बोंग चित्रपट आधी चौकटींत काढतो. स्टोरीबोर्ड स्वतः रेखाटतो आणि शूटिंगला जवळपास तसंच उतरवतो. 'मेमरीज ऑफ मर्डर'मधला (२००३) तो प्रसंग बघा. भाताच्या शेतात प्रेत सापडलंय. मातीच्या रस्त्यावर बुटाचा एक ठसा आहे, पुरावा काय तो तेवढाच. पोलीस झालेला सोंग कांग-हो त्याच्याभोवती रिंगण आखून सगळ्यांवर खेकसतोय. पोरं हुंदडताहेत, बघ्यांची जत्रा जमलीय, फॉरेन्सिकचे साहेब बांधावरून घसरून खाली येतात आणि एक ट्रॅक्टर आरामात ठसा चिरडत निघून जातो. हे सगळं एका सलग शॉटमध्ये. आपण हसत असतो. पुढे एका रात्री पोलिसांना जादा कुमक हवी असते, तर सगळे शिपाई निदर्शनं मोडायला गेलेले असतात. तेव्हा ध्यानात येतं की मघाशी आपण हसलो ते तेव्हाच्या लष्करी राजवटीच्या कारभारालाच. ह्वासोंगमधल्या १९८६ ते १९९१च्या खऱ्या हत्यांवर हा चित्रपट बेतलाय. खुनी कोण, ते डीएनएवरून २०१९ मध्ये कळलं.

आता ली. 'पोएट्री'मध्येही (२०१०) गुन्हाच आहे. साठी ओलांडलेल्या मीजाच्या नातवाने आणि त्याच्या पाच मित्रांनी एका शाळकरी मुलीवर अत्याचार केलाय आणि त्या मुलीने जीव दिलाय. पोरांचे बाप हॉटेलात जमतात, बिअर मागवतात. मुलीच्या आईला तीन कोटी वॉन द्यायचे, म्हणजे प्रत्येकी पन्नास लाख, असा शांतपणे हिशेब मांडतात. मीजा मधेच उठून बाहेर जाते. काचेपलीकडे ती वाकून कोंबड्याच्या तुऱ्याची लालभडक फुलं न्याहाळताना दिसते, वहीत काहीतरी टिपून घेते. तिने कवितेचा वर्ग लावलाय ना. आतले बाप तिच्याकडे बघत राहतात. पार्श्वसंगीत नाही, कुणाचा आरडाओरडा नाही. कान चित्रपट महोत्सवात ह्या चित्रपटाला पटकथेचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही.

बोंगच्या चित्रपटात माणसं व्यवस्थेच्या चरकात सापडतात आणि तो चरक आपल्याला स्पष्ट दिसतो: 'द होस्ट'मध्ये अमेरिकी लष्करी तळावरून हान नदीत ओतलेलं रसायन, 'स्नोपिअर्सर'मध्ये गरीब-श्रीमंत अशी वाटणी केलेले आगगाडीचे डबे, 'पॅरासाइट'मध्ये जिने. राग कुणावर काढायचा हे आपल्याला कळतं. ली ती सोय ठेवत नाही. 'पेपरमिंट कँडी'मध्ये तो १९९९ पासून उलट १९७९ पर्यंत जातो. सुरुवातीला ज्याची किळस येते तो माणूस ग्वांग्जू शहरात लोकशाही मागणाऱ्यांवर लष्कराने १९८० मध्ये केलेल्या दडपशाहीत कोवळा शिपाई होता, हे कळेपर्यंत त्याला नावं ठेवायचा आपला हक्क आपण गमावलेला असतो. माझ्या लेखी ह्या दोघांनी लिहिलेल्या पटकथांत हीच सर्वांत अवघड आणि सर्वांत पक्की.

शंका असेल तर सोंग कांग-होला दोघांकडे पाहा. बोंगच्या चार चित्रपटांत तो आहे आणि बहुतेक वेळा प्रसंग त्याच्या खांद्यावर चालतो. 'सीक्रेट सनशाइन'मध्ये तो मिर्यांगमधला गॅरेजवाला आहे, विधवा नायिकेच्या मागेपुढे घोटाळणारा. थोडा बावळट, थोडा चिकट. कान महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक नायिका झालेल्या जॉन दो-योनला मिळालं. हा मात्र अख्खा चित्रपट चौकटीच्या कडेला उभा राहून काढतो. दुसऱ्यांदा बघताना मी फक्त त्यालाच बघत होतो.

उणिवाही सांगायला हव्यात. बोंग इंग्रजीत गेला की त्याचा उपहास कर्कश होतो. 'ओकजा'मध्ये निम्मी पात्रं ओरडतात आणि 'मिकी १७'मधला (२०२५) हुकूमशहा व्यंगचित्रापलीकडे जात नाही. लीची अडचण वेगळी. 'बर्निंग' १४८ मिनिटांचा, 'सीक्रेट सनशाइन' १४२. कामावरून थकून आल्यावर लावाल तर अर्ध्यात झोपाल.

ज्यांना चार जणांत बसून बघायचंय, नंतर चहावर वाद घालायचाय, त्यांनी बोंग घ्यावा. आठ चित्रपट आहेत. 'मेमरीज ऑफ मर्डर'पासून सुरुवात करा, मग 'मदर', मग 'द होस्ट'. 'ओकजा' सुटला तरी चालेल. जे स्वतः कथा लिहितात, किंवा कथा वाचून दोन दिवस अस्वस्थ राहणाऱ्यांतले आहेत, त्यांनी बोंगच्या रांगेत उभंच राहू नये. 'बर्निंग'पर्यंत (२०१८) लीचे सहाच चित्रपट आहेत, एका पावसाळ्यात आटोपतात. 'पोएट्री' आधी, 'पेपरमिंट कँडी' नंतर. जपानी लेखक मुराकामीच्या कथेवरचा 'बर्निंग' आधी लावायचा मोह होतो, कारण तो रहस्यपटासारखा दिसतो. पण उत्तर न देण्याची लीची सवय अंगवळणी पडल्याशिवाय तो नुसता चिडवतो. 'ओअॅसिस' शेवटी आणि एकट्याने बघा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या विकारामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलीवर नायक करतो त्या अत्याचाराचा सुरुवातीचा प्रसंग इतका घृणास्पद आहे की त्यानंतर त्या दोघांची प्रेमकथा मान्य करायची की नाही, ह्यावर माझं अजूनही मत ठरत नाही.