हेअर ट्रान्सप्लांट: स्वस्त पॅकेज घ्यावं की चांगला सर्जन गाठावा?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं सलून आहे. गिऱ्हाईक समोरच्या आरशात स्वतःचं कपाळ बघत असतं आणि मी मागं उभा राहून त्याची मान बघत असतो. त्यामुळं हेअर ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की माझं लक्ष पुढच्या नव्या केसांकडं कमी आणि ते जिथून काढले त्या मागच्या भागाकडं जास्त जातं. हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "दादा, करू का? आणि कुठं करू?" माझ्या धाकट्या भावानं गेल्या वर्षी केलं. त्याच्याबरोबर चार ठिकाणी फिरलो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गिऱ्हाईक आहे, वय तिशीच्या आत. दरवेळी खुर्चीत बसताना सांगतो, "मागं मशीन नको दादा, कैचीनंच घ्या." एकदा घाईत होता, त्यानंच दोन नंबरची मशीन मारायला सांगितली. मानेपासून वर मशीन नेली तशी डोक्याची कातडी दिसायला लागली. कसर लागलेल्या स्वेटरसारखी, इथं दाट, तिथं विरळ, कानामागं तर बोटभर जागा जवळपास मोकळीच. पुढं मात्र केस जेमतेम आलेले. त्यानं पैसे वाचवले होते, हे त्यानंच सांगितलं. तो पुढं गप्प बसला आणि मीही.

आता दोन्ही बाजूंचा हिशेब मांडू. समजा, तुम्हाला २,५०० ग्राफ्ट, म्हणजे मागून मुळासकट काढून पुढं लावायचे केसांचे पुंजके, लागणार आहेत. एका ठिकाणी दर ग्राफ्टला ३० रुपये, दुसऱ्या ठिकाणी ७० रुपये. पहिल्याचे ७५,००० झाले, दुसऱ्याचे १,७५,०००. यावर १८ टक्के जीएसटी धरा, कारण इतर उपचारांना असलेली सूट हेअर ट्रान्सप्लांटला नाही (अपघातानं किंवा भाजून गेलेल्या केसांची गोष्ट वेगळी). म्हणजे ८८,५०० आणि २,०६,५००. आरोग्य विमा यात सहसा एक रुपयाही देत नाही. फरक १,१८,००० रुपयांचा. आपल्याकडं एवढ्यात नवी दुचाकी येते. त्यामुळं "पैशाकडं बघू नका" असं मी कुणाला सांगणार नाही.

पुढं असं धरू की स्वस्त ठिकाणी दहातले सहा ग्राफ्ट जगले आणि चांगल्या हाताखाली नऊ. हे आकडे फक्त हिशेबापुरते. स्वस्तात १,५०० जगले, एकेक ५९ रुपयांना पडला. महागात २,२५० जगले, एकेक सुमारे ९२ रुपयांना पडला. म्हणजे एवढे ग्राफ्ट मरूनसुद्धा रुपयांच्या हिशेबात स्वस्तच जिंकतं! मीही आधी चकित झालो. पण मेलेले १,००० ग्राफ्ट कुठून आले होते? मागच्या भागातून, आणि तिथं ते पुन्हा उगवत नाहीत. साधारण माणसाच्या मागच्या सुरक्षित पट्ट्यातून जन्मभरात पाच-सहा हजार ग्राफ्टच काढता येतात, काहींचे त्याहूनही कमी. टक्कल मात्र ऑपरेशननंतरही वाढत राहतं. चाळिशीत भोवऱ्याची जागा उघडी पडली की तेव्हा लागणारा माल पंचविशीतच वाया गेलेला असतो. लाखभर रुपये दोन-तीन वर्षांत पुन्हा साठतात, हे केस साठत नाहीत. माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे.

दर विचारताना आणखी एक बघा. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. कुणी ग्राफ्टवर दर सांगतं, कुणी केसांवर, कुणी "पूर्ण डोक्याचं पॅकेज" म्हणतं. "पाच हजार केस" आणि "अडीच हजार ग्राफ्ट" हे बहुतेक वेळा एकच काम असतं. आणि "ग्राफ्ट हवे तेवढे" अशी जाहिरात दिसली तर तिथं जाऊच नका. ज्याला मागच्या भागाची काळजी आहे तो डॉक्टर असं बोलूच शकत नाही.

सर्जन चांगला म्हणजे नेमकं काय, हे मला दोन भेटींत कळलं. पहिल्या जागी काचेचं ऑफिस, कोट घातलेला काउन्सेलर. भावाच्या डोक्याला हातही न लावता मोबाईलवर फोटो काढला, तीन हजार ग्राफ्ट सांगितले आणि आज अ‍ॅडव्हान्स भरला तर दहा टक्के कमी करतो म्हणाला. डॉक्टर कोण, विचारलं तर "आमची टीम आहे."

दुसरीकडं, पुण्यात, डॉक्टर स्वतः समोर बसले. मोबाईलला छोटं भिंग लावून मागच्या केसांची दाटी तीन जागी मोजली. भावाच्या कपाळावर पेन्सिलनं रेघ ओढली, आरशात दाखवली, मग पुसली आणि अर्धा बोट वर पुन्हा ओढली. म्हणाले, "अठराव्या वर्षीची रेघ पन्नाशीत वाईट दिसेल. पुढं अठराशे पुरेत, भोवऱ्याला आत्ता हात लावायचा नाही." म्हणजे आधीच्या ठिकाणापेक्षा काम कमी सांगितलं. दर ७० चा असला तरी एकूण बिल मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच खाली आलं: १,२६,००० अधिक जीएसटी. दर बघून घाबरलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

केसांच्या माणसाला एक गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे केसाचा कल. पुढचे केस कातडीला लागून पुढं झुकलेले असतात, कानाजवळ ते खाली वळतात, भोवऱ्यात गोल फिरतात. ग्राफ्ट बसवायला ज्या हातानं भोकं पाडली त्याला हे समजत नसेल तर केस सरळ उभे राहतात, आणि मग कितीही विंचरा, बसत नाहीत. अगदी पुढच्या ओळीत एकेका केसाचेच ग्राफ्ट लागतात. तिथं तीन-चार केसांचे पुंजके लावले की बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं. मागून काढताना पंच (ग्राफ्ट कापून काढायचं बारीक गोल हत्यार) जरा तिरका गेला की मूळच कापलं जातं. काढलेले ग्राफ्ट बाहेर सुकले की मरतात. यातलं काहीच ऑपरेशनच्या दिवशी कळत नाही. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवायला लागतात आणि खरा निकाल वर्षभरानं दिसतो. तोवर स्वस्त पॅकेजवाल्याचा फोन लागला तर नशीब.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न: भोकं कोण पाडणार, ग्राफ्ट कोण काढणार? मदतनीस ग्राफ्ट वेगळे करतात, बसवायलाही हातभार लावतात, ते सगळीकडं चालतं. पण डॉक्टर फक्त रेघ ओढून निघून जात असतील तर तुम्ही सर्जनचे पैसे देऊन टेक्निशियनचं काम घेताय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्लास्टिक सर्जन किंवा योग्य शस्त्रक्रिया-प्रशिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ अपेक्षित आहेत, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही, असं स्पष्ट म्हटलंय. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. पाच मिनिटांचं काम आहे, बघाच. तासन्‌तास भुलीची इंजेक्शनं डोक्यात जाणार असतात. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि काही बिघडलं तर सांभाळणारा डॉक्टर तिथं हजर हवा. २०२५ मध्ये कानपूरला अशा ऑपरेशननंतर दोन इंजिनिअर दगावल्याची प्रकरणं उघडकीला आली. त्यामुळं यात सूट शोधायची नसते.

पण महाग म्हणजे चांगला, असंही नाही. मोठ्या साखळीच्या क्लिनिकचा दर जास्त असतो, पण त्यातला बराच भाग होर्डिंग, जागेचं भाडं आणि काउन्सेलरच्या कमिशनवर जातो. तिथं दिवसाला चार-पाच ऑपरेशनं चालू असतील तर एकच डॉक्टर चारही खोल्यांत कसा असेल? दिवसाला एक किंवा फार तर दोन रुग्ण घेणारा डॉक्टर मला बरा वाटतो. मधल्या दराचा, पण स्वतः हात चालवणारा.

मग कोल्हापुरात की पुण्यात? आपल्याकडं ताराबाई पार्क, राजारामपुरी भागात चांगले त्वचारोगतज्ज्ञ आहेत, त्यातले काही ट्रान्सप्लांटही करतात. इथं करण्याचा फायदा खरा आहे: दोन-तीन दिवसांनी डोकं धुवायला जायचं, पंधरा दिवसांनी दाखवायचं, रात्री काही वाटलं तर फोन करायचा, सगळं घराजवळ. पुण्याचं अंतर साधारण २३० किलोमीटर, त्यात हायवेची कामं, म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम हिशेबात धरा. ऑपरेशन झाल्याच्या संध्याकाळी तसंच गाडीत बसून येऊ नका, डोकं कुठंही घासलं तर ग्राफ्ट निघतो. पण इथले डॉक्टर महिन्याला एखाद-दुसरंच करत असतील तर काम किती मोठं आहे ते बघा. आम्ही भेटलो त्या इथल्या एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "छोटं काम असतं तर मीच केलं असतं. तुम्ही पुण्याला जा, नंतरची देखरेख मी करतो." तसंच केलं. आजही भाऊ दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडंच जातो.

तुर्कस्तानबद्दल पण विचारतात. विमानाचा खर्च करून तिथंही बऱ्याच ठिकाणी टेक्निशियनच करतो आणि वर्षभरानं तक्रार घेऊन जायचं कुठं? मी तरी सांगणार नाही.

मागच्या कातडीची पट्टी काढायची जुनी पद्धत की एकेक ग्राफ्ट काढायची, हे डॉक्टरांशीच बोला. माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की पट्टीची आडवी खूण बारीक कटिंगमध्ये दिसते. तालमीतल्या पोरांनी, मागं झिरो मारणाऱ्यांनी हे आधीच सांगावं.

चांगल्या सर्जनएवढे पैसे आज नसतील तर स्वस्तातलं करू नका, थांबा. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही केसगळतीची औषधं सुरू करा. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही. बऱ्याच जणांचं गळणं यानं मंदावतं आणि तेवढ्यात पैसे साठतात. बाविशी-तेविशीतल्या पोरांना तर मी हेच सांगतो, खिशात दोन लाख असले तरी. टक्कल कुठं जाऊन थांबणार हे त्या वयात डॉक्टरलाही सांगता येत नाही.

आणि क्लिनिकमध्ये आधीच्या रुग्णांचे फोटो दाखवतील तेव्हा पुढचे बघून खूश होऊ नका. मागचे मागा, ओले केस मागं घेऊन काढलेले, एक वर्षानंतरचे. शक्य असेल तर असा एखादा रुग्ण प्रत्यक्ष भेटू द्या म्हणा. भावाच्या डॉक्टरांनी एकाला फोन लावून दिला होता. तो माणूस साताऱ्याचा निघाला, येताना वाटेत थांबून त्याची मान मी स्वतः उजेडात बघितली, आणि मगच आम्ही तारीख घेतली.