बटण हाताला सापडलं पाहिजे

व्यायामासाठी नवा म्युझिक प्लेअर घरी आला की मी तो लगेच चालू करत नाही. आधी बोटं नळाखाली ओली करते, प्लेअर कमरेला अडकवते, डोळे मिटते आणि 'पुढचं गाणं' हे बटण शोधते. तीनदा न चुकता सापडलं तर पास. आवाज, जीबी, बॅटरी हे सगळं नंतर. भाचा म्हणतो, "मावशी, उद्या तू गाडीसुद्धा अशीच घेशील." घेईन की.

ही परीक्षा काही एका दिवसात सुचलेली नाही. तीन प्लेअर वापरून झाले, त्यातला एक परत केला, मग ही अक्कल आली. माझं वय बावन्न. आठवड्यातून चार दिवस व्यायाम: दोन दिवस वजनं, एक दिवस दोरीवरच्या उड्या, एक दिवस पळणं (त्याला पळणं म्हणायचं की नाही ते बघणाऱ्याने ठरवावं). सुरुवातीला फोनच वापरत होते. दंडाच्या पट्ट्यात बांधला तर उड्या मारता मारता तो कोपरापर्यंत यायचा. खिशात ठेवला तर फोनसकट ट्रॅकपँट खाली यायला बघायची. एवढं सांभाळलं तरी प्लँकच्या (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ तोलून धरायचं) पन्नासाव्या सेकंदाला गाणं बंद पडून ऑफिसचा फोन वाजायचा. प्लँकमध्ये "बोला साहेब" म्हणून बघा एकदा.

पहिला प्लेअर भाच्याच्या ड्रॉवरमधून मिळाला. ॲपलचा आयपॉड शफल, २०१० साली आलेला चौथा अवतार. साडेबारा ग्रॅम वजन, २ जीबी जागा, पडदा नाहीच. समोर गोल चकती, तिच्या चार बाजूंना चार बटणं, मधे चालू-बंद. अंधारात, हातमोजा घालूनसुद्धा चुकत नाही. याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, कंपनीने शफलच्या अंगावरची बटणं काढून इअरफोनच्या वायरीवर नेली होती. म्हणजे साधा इअरफोन लावला की गाणं वाजणार, पण आवाज कमी-जास्त करता येणार नाही आणि गाणंही पुढे नेता येणार नाही. पुढच्याच वर्षी बटणं परत आली. कपड्याला अडकवायच्या वस्तूला बटण लागतंच, हे त्यांनाही करून बघितल्यावरच पटलं असावं.

तरी आज कुणी जुना शफल घ्यायला निघालं तर मी अडवीन. २०१७ मध्ये तो बंद झाला, म्हणजे आत्ता बाजारात फिरणाऱ्या प्रत्येक शफलची बॅटरी निदान तेवढी म्हातारी आहे आणि ती सहज बदलता येत नाही. चार्जिंग इअरफोनच्याच भोकातून, त्यासाठी वेगळी वायर. गाणी भरायची तर संगणकाला जोडून ॲपलच्याच सॉफ्टवेअरमधून. आयता घरात पडलेला असेल तर झाडूनपुसून जरूर वापरा, शोधून विकत घेऊ नका.

दुसरा मी हौसेने घेतला आणि आठ दिवसांत परत केला. दिसायला छोटा फोन, पुढे गुळगुळीत काच, बटणं काचेवर नुसती उजळणारी. घरात बसून वापरला तेव्हा झकास. पहिल्याच दिवशी वजनं उचलताना घामाचा एक थेंब काचेवर पडला आणि गाणं आपोआप पुढे गेलं. दुसरा थेंब आवाजाच्या खुणेवर. कानात एकदम बँड वाजला, हातात डंबेल, आवाज कमी करायला तिसरा हात कुठून आणू? यात त्या एका वस्तूचा दोष म्हणावा असंही नाही. स्पर्शाने चालणारी काच बोटातून जाणारा बारीकसा विद्युतभार ओळखते आणि खारट घामही वीज वाहून नेतो. घामाचा थेंब त्या काचेला बोटासारखाच वाटतो. तेव्हापासून व्यायामाच्या प्लेअरला काच नको हे मी ठरवून टाकलं.

तिसरा माझा नव्हता, पोहणाऱ्या मैत्रिणीचा होता. सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३. कानात बसणारे दोन तुकडे, मानेमागून जाणारी पट्टी, गाणी त्यातच साठवलेली, ४ जीबी. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही चालतो. ब्लूटूथ नाही, आणि पाण्यात त्याचा उपयोगही नसतो. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात विरतात, हातभर अंतरही धड कापत नाहीत. त्यामुळे पोहणाऱ्यांनी 'वॉटरप्रूफ ब्लूटूथ इअरफोन' एवढंच वाचून भुलू नये. गाणी त्या वस्तूच्या पोटातच हवीत. मी आठवडाभर जमिनीवर वापरून पाहिला. वायर नाही, क्लिप नाही, मजा आली. पण बटणं कानाच्या खाली आणि मागे, दर वेळी मला वाटायचं मी डोकं खाजवतेय. शिवाय मी पोहत नाही, मग एवढे पैसे कशाला.

आता चौथा. सहा महिने हाच वापरते आहे आणि हा लेख खरं तर त्याच्यावरच आहे. नाव देऊन उपयोग नाही, कारण हाच साचा निरनिराळ्या नावांनी विकला जातो. डबीवरचं नाव बदलतं, आतला जीव तोच. काडेपेटीएवढा, मागे स्प्रिंगची क्लिप, पुढे दीड इंचाचा पडदा, त्याखाली दाबली की 'टक्' वाजणारी पाच बटणं. ८ जीबी जागा, मेमरी कार्डाची खाच, ब्लूटूथ, साध्या इअरफोनचं भोक. किंमत सांगायची तर माझ्या पळायच्या बुटांच्या एका पायापेक्षाही कमी.

नळाखालच्या परीक्षेत तो पास झाला. मधल्या बटणावर बारीक उंचवटा आहे, त्यावरून बाकीची चार आपोआप सापडतात. बाजूला एक सरकतं लॉक आहे. ते मात्र असायलाच हवं, नाहीतर स्क्वॉटमध्ये खाली बसलं की पोटाची वळीच बटण दाबते. अनुभवाचे बोल आहेत.

जागेचं मला कधी कौतुक वाटलं नाही. १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला किती माहिती, त्याचं माप; आकडा मोठा तितकी फाइल जड) एमपी३ला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला चार. ३२० केबीपीएसला त्याच्या अडीचपट. म्हणजे सगळ्यात जड एमपी३ भरली तरी ८ जीबीत सात-आठशे गाणी बसतात. माझ्या व्यायामाच्या यादीत एकशे चाळीस आहेत आणि त्यातली वीस मी दर वेळी पुढे ढकलते. जास्त जीबीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा चांगला इअरफोन घ्यावा. कार्ड घालायचंच असेल तर आधी वाचा: बरेच स्वस्त प्लेअर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. त्याहून मोठ्या कार्डांवर फाइली मांडायची पद्धत सहसा वेगळी, एक्सफॅट नावाची असते आणि ती पद्धत या गरिबाला वाचताच येत नाही. मी आधी फोनमधलं ६४चं कार्ड खुपसलं होतं, पडद्यावर 'कार्ड नाही' असं निर्विकार उत्तर आलं.

खरा त्रास निघाला तो गाणी मिळवण्यात. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये आपण 'डाउनलोड' करतो ती गाणी अशा प्लेअरवर चालत नाहीत. ती कुलूपबंद असतात, त्या ॲपच्या बाहेर उघडत नाहीत. गाणं आपल्या मालकीच्या फाइलच्या रूपात हवं. माझ्याकडे कपाटात सीड्या होत्या, दोन रविवार त्यांच्यावरून गाणी उतरवण्यात गेले. ज्यांच्याकडे फाइली नाहीत आणि जमवायची इच्छाही नाही, त्यांनी हा प्लेअर घेऊच नये. चार दिवसांनी तो ड्रॉवरमध्ये जाईल.

फाइली भरल्यावर पुढची गंमत. मी मोठ्या हौसेने क्रम लावला होता: आधी तीन गाणी अंग गरम करायला, मग ढोल-ताशाच्या चालीची, शेवटी ताण देताना संथ बासरी. पहिल्या दिवशी दोरी हातात घेतली आणि कानात बासरी. असे स्वस्त प्लेअर पुष्कळदा नावाचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली आत लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे: नावांपुढे ००१, ००२ घालायचं, फोल्डर पूर्ण रिकामं करायचं आणि एकेक करून पुन्हा भरायचं. मी तो एकदा केला. तेव्हापासून नवं गाणं आलं की ते निमूटपणे शेवटी जातं, म्हणून हल्ली बासरीनंतर दोन लावण्या लागतात.

आणि देवनागरी! फाइलींची नावं मी मराठीत दिली होती. पडद्यावर नुसत्या चौकोनांची रांग. सगळी नावं रोमन लिपीत करावी लागली. पडदा नसलेल्या शफलमध्ये ही भानगडच नव्हती.

ब्लूटूथ आहे, चालतं, पण मी ते सोडून दिलं. प्लेअर डाव्या कमरेला आणि ब्लूटूथच्या लहरी पकडणारा मुख्य इअरबड उजव्या कानात असला की मधे आपलं शरीर येतं, तेही बहुतेक पाणीच, आणि गाणं तुटत तुटत येतं. दोन्ही एकाच बाजूला ठेवले की सुधारतं. बॅटरीचा हिशोबही बोलका आहे. वायरीवर मी दोन आठवड्यांतून एकदा चार्ज करते, ब्लूटूथवर आठवड्यातच डबा कोरडा व्हायचा. वायरीची कटकट म्हणजे पळताना ती कपड्याला घासते आणि तो 'खरखर-धप' कानात ऐकू येतो. वायर बनियनच्या आतून घेऊन गळ्याशी छोट्या चिमट्याने पकडली की नव्वद टक्के प्रश्न मिटतो. इअरफोनचं भोक प्लेअरच्या कुठल्या टोकाला आहे तेही बघून घ्या. माझ्याकडे ते खालच्या टोकाला आहे, म्हणून मी प्लेअर उलटा अडकवते, आणि उलटा अडकवला की डावं-उजवं बटणही उलटं. पंधरा दिवसांत हात सरावला.

घामाबद्दल एक. डबीवरचं आयपीएक्स४ किंवा आयपीएक्स७ हे साध्या पाण्याच्या चाचणीचं असतं. ४ म्हणजे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. घामातलं मीठ त्या चाचणीत नसतं, आणि तेच चार्जिंगच्या भोकातली पितळी टोकं खातं. घरी आल्यावर ओलसर फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने, आणि अर्धा तास तरी चार्जिंगला लावायचं नाही. मधे महिनाभर गुडघ्याने सुट्टी घ्यायला लावली तेव्हा प्लेअर अर्धा चार्ज करून ठेवला होता. लिथियमची बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते.

आवाज कितपत चांगला? बरा. बास जरा पोकळ, शांत खोलीत दोन गाण्यांच्या मधे बारीक 'सूं' ऐकू येतं. धापा टाकणाऱ्या माणसाला ते ऐकू येत नाही. काळजी वेगळीच वाटते: जिममध्ये आधीच स्पीकर ओरडत असतो, त्याच्यावर मात करायला आपण आवाज चढवत जातो आणि या डबीला कसलीही मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास चालतात, त्यावर आवाज चढला की तास झपाट्याने कमी होतात. मी इअरफोनला कानात घट्ट बसणारे रबरी बोळे घेतले, बाहेरचा आवाज आत येईना, आपोआप दोन पायऱ्या खाली आले. रस्त्यावर पळताना मात्र एक कान मोकळा ठेवते.

एक तक्रार उरली. बंद करायचं बटण दाबून धरलं की पडद्यावर रंगीत अक्षरांत 'गुडबाय' नाचत येतं आणि पाच सेकंद हलत नाही. ते घालवायची सोय मला मेनूत कुठेही सापडली नाही. पण तेवढा वेळ मीही गुडघ्यांवर हात ठेवून धापाच टाकत असते.