बिननावाच्या ब्रोचला नाव चिकटवून विकतात, जपून घ्या

मागे कंपनीचं नाव नसलेले जुने ब्रोच, म्हणजे कपड्यावर सुईने टाचायचे दागिने, जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. फोटो एका ब्रोचचा दाखवायचा आणि कुरिअरने भलताच पाठवायचा, असं माझ्या बाबतीत झालंय. हे करणारा माणूस अजून विक्री करतोच आहे.

सांगलीत हा माल दुकानात मिळत नाही. सराफ कट्ट्यावर सोनं-चांदी हवं तेवढं, पण जुने अमेरिकन खड्यांचे ब्रोच तिथे कोण ठेवणार? म्हणून खरेदी ऑनलाइनच. एका ग्रुपवर पानाफुलांचा, निळ्या-हिरव्या खड्यांचा ब्रोच दिसला. खाली लिहिलेलं, ‘अस्सल ज्युलियाना, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, दुर्मीळ.’

ज्युलियाना म्हणून ओळखला जाणारा माल न्यूयॉर्कच्या डिलिझा अँड एल्स्टर या कंपनीचा. ती सुरूच झाली १९४७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. दागिन्यावर ते नाव घालत नसत. काही नगांना ज्युलियाना लिहिलेला कागदी टॅग अडकवलेला असायचा, तोही १९६० च्या दशकात थोडाच काळ. टॅग गेला की नावही गेलं. शिवाय या ब्रोचच्या खड्यांवर इंद्रधनुष्यासारखी झाक होती. ते ‘अरोरा बोरिअ‍ॅलिस’ खडे स्वारोव्हस्की या खडे बनवणाऱ्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यावर डिओर या फॅशन कंपनीच्या सोबतीने आणले. महायुद्धाआधी ते असणं शक्यच नाही.

मी हे विकणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, साल घरच्यांनी अंदाजाने सांगितलंय, माल मात्र अस्सल.” आणि लगेच किंमत साडेसहा हजारांवरून पाच हजारांवर आणली. मी मागच्या बाजूचा फोटो मागवला. फोटोत सगळं जागच्या जागी होतं. दोन्ही टोकांना निमुळते खडे, मागून उघडे, प्रत्येक खडा नख्यांनी धरलेला, फांद्या डाख देऊन जोडलेल्या. डावीकडच्या पानातला एक बारीक खडा काळवंडलेला. मागचा चंदेरी थर ओलाव्याने गेला की खडा असा मरतो. जुन्या मालात एखादा तसा खडा दिसला की मला उलट बरं वाटतं. मी यूपीआयने पैसे पाठवले.

पार्सल आलं, तर सगळे खडे लखलखीत. काळवंडलेला एकही नाही! सोबत चहात बुडवून काढल्यासारखा पिवळट टॅग. आमच्या ओळखीच्या सोनारकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी भिंग लावलं, सुईच्या पट्टीखाली नख फिरवलं आणि म्हणाले, “हे बघ बाळ, या नख्या वाकवलेल्याच नाहीत. साच्यातूनच तशा ओतल्यात. खडा गोंदावर बसलाय.” भिंगातून मीही पाहिलं. खड्याच्या कडेला गोंदाचा पारदर्शक थेंब, त्यात हवेचा बुडबुडा. सुईची पट्टीसुद्धा डाख न देता चिकटवलेली. जुन्या ब्रोचची पट्टी कधी दुरुस्तीत चिकटवलेली असते, तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. पण ओतीव नख्या, गोंद आणि फोटोतला गायब झालेला काळवंडलेला खडा, हे तिन्ही एकत्र आल्यावर शंकेला जागा उरत नाही.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्याला पाठवले. उत्तर आलं, “बिननावाचा माल आहे, गॅरंटी नसते, परत घेत नाही.” नंतर ब्लॉक. याचा मला फार राग आहे. विकताना तोच माल नावानिशी विकला होता ना? नाव नाही म्हणून काहीही खपवायचं, याने जे लोक प्रामाणिकपणे ‘बनवणारा माहीत नाही’ असं लिहून सुंदर जुने नग विकतात, त्यांच्यावरचाही विश्वास उडतो.

असे पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. चॅट, व्यवहाराचा क्रमांक, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, काहीही पुसू नका. घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो नको, व्हिडिओच मागा, आणि त्यात आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ब्रोचशेजारी ठेवायला सांगा. खरा नग हातात असलेल्याला ते दोन मिनिटांचं काम आहे.

माझी तक्रार नोंदली गेलीय, पैसे अजून मिळालेले नाहीत. परवा तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर वेगळ्या नावाने फिरताना दिसला, आता ‘झेक, राजघराण्यातला’ म्हणून. डाव्या पानातला खडा काळवंडलेला दिसतोय का ते बघा, आणि दिसला तर पैसे पाठवू नका. त्याचा स्क्रीनशॉट मी तक्रारीला जोडला आहे.