तासगावात मोबाईलवर डोळ्याचा पडदा तपासला, २०० रुपये

आमच्या आण्णांना शुगर होऊन १२ वर्षं झाली, पण पडदा एकदा दाखवून येऊ म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मला पेपर वाचता येतोय की." अडचण हीच आहे ना, शुगरनं पडदा खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला नजरेत काहीच फरक पडत नाही. आणि मिरजेला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यात ऐन द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी. म्हणून तासगावात मोबाईलवर तपासतात कळल्यावर गाडीवर बसवलं आणि नेलं.

स्टँडला मोबाईल लावलेला, पुढं दुर्बिणीसारखी नळी, हनुवटी टेकायला पट्टी. लाईट बंद करून पोरगी म्हणाली टिपक्याकडं बघा, फटकन फ्लॅश, की स्क्रीनवर नारंगी गोळा आणि त्यात मुळ्या पसरल्यासारख्या शिरा. आण्णा पापणी मिटायचे, चार वेळा काढला फोटो, पण ती चिडली नाही हां. थेंब घातले नाहीत त्यामुळं येताना डोळे अंधुक नव्हते. मिनिटभरात एआयनं उजव्या डोळ्याला दाखवून घ्या म्हणून सांगितलं, ते पण नेट नसताना. असले कॅमेरे बंगळुरूची रेमिडिओ कंपनी बनवते आणि अमेरिकेत २०१८ लाच डॉक्टर नसताना निकाल देणाऱ्या अशा सिस्टीमला परवानगी मिळालीय, म्हणजे अगदीच जत्रेतला खेळ नव्हे.

डाव्याचा फोटो काही आलाच नाही, मोतीबिंदू आडवा. त्याला मशीन तरी काय करणार. पण बोर्डावर "डोळ्यांची संपूर्ण तपासणी" लिहिलंय ते साफ खोटं, डोळ्याचं प्रेशर कुणी बघितलंच नाही, मग काचबिंदू नाही असं कशावरून म्हणायचं? रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर देतो म्हणाले, आला तिसऱ्या दिवशी दोन फोन केल्यावर, तो पण सगळा इंग्रजीत, शेवटी मेडिकलवाल्याकडनं वाचून घेतला. पुढं कुठं जायचं, किती दिवसात, एक अक्षर नाही त्यात.

मिरजेच्या डॉक्टरांनी थेंब घालून नीट बघितलं, उजवीकडं रक्ताचे बारीक ठिपके होतेच, सूज नाही, लेसर इंजेक्शन सध्या नको, शुगर आवरा आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर.

मशीनला ४ स्टार, दुकानाला २. आईला पण नेणार आहे तिथंच, फक्त सकाळी लवकर, अकरानंतर लाईन रस्त्यापर्यंत येते आणि बसायला दोनच खुर्च्या.