हायवेलगत चार्जिंग स्टेशन: अनुदानातून, स्वखर्चाने की जागा भाड्याने?

हायवेला लागून जागा असलेला, मग तो ढाबेवाला असो की पंपवाला, पहिल्यांदा विचारतो, 'सरकार किती देतं?' मी आधी महावितरणकडे जायला सांगेन. ५० किलोवॉटचे दोन चार्जर बसवले तर तुमच्या डीपीवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, तेवढा लोड शिल्लक आहे का? नसेल तर नवा ट्रान्सफॉर्मर, केबल, खोदाई आलीच. धंदा नाही चालला तर चार्जर काढून विकता येतो, जमिनीत गेलेली केबल नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचा खरा फायदा म्हणूनच या खर्चात आहे. १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठी ठेवलेत आणि मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढवली आहे. मात्र अनुदानाचा टक्का जागा कोणाची यावर ठरतो. टोलनाका, हायवेवरचे सरकारी विसावा थांबे किंवा सरकारी तेल कंपनीचा पंप असेल, तर वीज आणण्याच्या खर्चाचे ८० टक्के आणि चार्जरचे ७० टक्के मिळतात. रस्त्यालगतच्या इतर जागांना वीज आणण्याचे ८० टक्केच, चार्जर पदरमोड करून. हे टक्केही सरकारने ठरवलेल्या कमाल खर्चाच्या आतच मोजतात. शिवाय तुम्ही सातबारा घेऊन थेट अर्ज करायचा, अशी ही योजना नाही. प्रस्ताव सरकारी खाती आणि कंपन्यांमार्फत जातात, पैसे टप्प्याटप्प्याने येतात. पंप सरकारी कंपनीचा असेल तर आधी कंपनीच्या अधिकाऱ्याला गाठा. ढाबेवाल्याने यावर विसंबून कर्ज काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

राज्याचं २०२१ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण ३१ मार्च २०२५ ला संपलं. फास्ट चार्जरला ५ लाखांपर्यंत मिळतात असं कोणी सांगितलं, तर तो आकडा त्या जुन्या धोरणातला आहे. २०३० पर्यंतच्या नव्या धोरणात हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट आहे. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी हा त्यातला भाग मला अनुदानाहून मोलाचा वाटतो, कारण गिऱ्हाईक त्याने येतं.

स्वखर्चाचा हिशेब कागदावर मांडून बघा. दिवसाला पाच गाड्या, प्रत्येकी २० युनिट, युनिटमागे ५ रुपये सुटतात असं धरा. दिवसाचे ५०० रुपये झाले. १५ लाख घातले तर ते वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त लागतील, व्याज वेगळंच. वीस गाड्या येत असतील तर चित्र पालटतं. लायसन्स लागत नाही, ही जमेची बाजू.

तिसरी वाट म्हणजे चार्जिंग कंपनीला जागा देणं. सरकारी जमिनीसाठी केंद्राने युनिटमागे १ रुपया वाटा सुचवला आहे. तोच दर तुम्ही घेतलात तर वरच्या हिशेबाने दिवसाला १०० रुपये, म्हणजे नगण्य. पण गाडी चार्ज होईपर्यंत कुटुंब अर्धा-पाऊण तास तुमच्याकडे जेवतं, आणि ढाब्याची कमाई तीच. खाणावळ किंवा दुकान असेल तर मी डोळे झाकून हीच वाट सांगेन. नुसती मोकळी जमीन असेल तर किमान मासिक भाडं लिहून घ्या. करारात आणखी दोन गोष्टी हव्यातच: वीजजोडणी कोणाच्या नावावर, आणि कंपनी निघून गेली तर ट्रान्सफॉर्मर कोणाचा.