कॅन्सस सिटीचे महायुद्ध संग्रहालय: तटस्थतेचा शेवट समजून घेण्यासाठी

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कॅन्सस सिटी येथे असलेल्या पहिल्या महायुद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरताना काचेच्या पुलाखाली ९,००० लाल पॉपी दिसतात. त्यांतील प्रत्येक फूल १,००० मृत सैनिकांचे प्रतीक आहे. आत आधी अमेरिका तटस्थ असतानाचा काळ येतो आणि मगच तिच्या सहभागाचा, ही मांडणी मला अत्यंत योग्य वाटते.

या दोन काळांच्या दालनांच्या मधोमध असलेले, अमेरिकेचा युद्धप्रवेश मांडणारे होरायझन थिएटर सर्वांत मोलाचे आहे. १९१५ मध्ये लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवल्यानंतरही तटस्थ राहिलेल्या आणि देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या प्रचारावर १९१६ ची निवडणूक जिंकलेल्या अध्यक्ष विल्सन यांनी २ एप्रिल १९१७ रोजी काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेकडे) युद्धघोषणेची मागणी केली. जर्मनीचे अनिर्बंध (तटस्थ देशांची जहाजेही इशारा न देता बुडवणारे) पाणबुडी युद्ध आणि मेक्सिकोला युतीचे आमिष दाखवणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार ही त्यामागची कारणे ध्यानात ठेवूनच तेथे बसावे. प्रतिनिधीगृहातील ३७३ विरुद्ध ५० हे मतदानही आठवावे, कारण अमेरिकी काँग्रेसमधील पहिल्या महिला सदस्य जॅनेट रँकिन यांच्यासह त्या पन्नास जणांचा विरोध विसरला, तर हा निर्णय अटळ होता असा गैरसमज होतो.

वेळ कमी असल्यास शस्त्रास्त्रे भराभर पाहावीत. पहिल्या दालनाला मात्र पुरेसा वेळ द्यावा.