शनिवारची बैठक: सोलापूरच्या पूर्व भागातील एक अनुभव

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी दुपारी 4 ते 6 या वेळात बायकांची मनातले सांगण्या-ऐकण्याची बैठक भरते. बाहेर फलक नाही, नावनोंदणी नाही. चहाचे 10 रुपये डब्यात टाकायचे आणि चटईवर बसायचे. मी आतापर्यंत 9 वेळा गेले आहे. जावे की नको अशा विचारात असलेल्या बायकांसाठी हे लिहीत आहे.

एक बोलत असताना दुसरीने मध्ये बोलायचे नाही, ऐकलेले जिन्याखाली न्यायचे नाही आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हे तिथले नियम. यातला शेवटचा पाळणे सर्वांत अवघड जाते. आपल्याकडे कोणी दुःख सांगू लागली की समोरची ‘अगं, माझ्या जावेचं तर याहून वाईट झालं’ असे सुरू करते, किंवा एखादा उपवास, डॉक्टर नाहीतर वकील सुचवते. त्यामागचा हेतू चांगलाच असतो, परंतु सांगणारीचे सांगणे तिथेच तुटते. इथे ते तुटू दिले जात नाही, आणि माझ्या मते या बैठकीचे सगळे मोल त्यातच आहे.

पहिल्या पाच वेळा मी नुसती ऐकत बसले. कोणीही आग्रह केला नाही. सहाव्या वेळी बोलले. माझ्या सासूबाईंना अखेरची चार वर्षे स्मृतिभ्रंश होता. त्या रात्री-अपरात्री उठून दार उघडायच्या आणि मला ‘ही कोण बाई घरात शिरली’ असे विचारायच्या. त्या गेल्या त्या पहाटे मला रडू आले नाही. आता सलग झोप लागेल, एवढेच मनात आले. तेराव्याला आलेल्या प्रत्येकीने ‘सून असावी तर अशी’ म्हटले आणि ते कौतुक पुढची दोन वर्षे मला टोचत राहिले. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बैठकीत ती सांगून मी थांबले, तेव्हा ‘असं मनात आणू नये’ असे कोणी म्हणाले नाही. शेजारी बसलेल्या, पद्मशाली या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या एका तरुण मुलीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, ‘चेप्पु, अक्का.’ सांग, अक्का. अजून बरेच सांगायचे राहिले आहे, हे तिने ओळखले होते.

तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी या चारही भाषा इथे बोलल्या जातात. ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्या थोडक्यात अर्थ सांगतात. काही वेळा बरेच निसटते, तरी ऐकणाऱ्या कंटाळत नाहीत.

येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बऱ्याच आहेत. काही जणी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून, म्हणजे विडी कामगार बायकांसाठी उभ्या राहिलेल्या 10 हजार घरांच्या वस्तीतून येतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे यांत हजारासाठी अख्खा दिवस जातो; त्यामुळे दोन तास बसायचे तर सुमारे दोनशे विड्यांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. म्हणून विड्या वळायचे सूप सोबत आणू दिले जाते, हे मला फार आवडले. जात्यावर बसले की ओवी सुचते म्हणतात, तसे हात चालू असले की कित्येकींचे बोलणेही सुरू होते. मात्र खिडक्या लहान आहेत, तंबाखूची धूळ खोलीत साचते आणि कडेवरची मुले खोकतात. विड्या वळणाऱ्यांना गच्चीलगतच्या बाजूला बसवून दार उघडे ठेवावे, अशी माझी संयोजक ताईंना मनापासून विनंती आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एकदा एका बाईने नवऱ्याच्या मारहाणीविषयी सांगितले आणि नियमाप्रमाणे सगळ्या गप्प राहिल्या. अशा वेळी नुसते ऐकणे पुरेसे नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे आणि संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते, हे तिला त्याच दिवशी कळायला हवे होते. बैठक संपल्यावर ताईंनी तिला बाजूला घेतले, हे खरे. पण 181 हा मदतीचा क्रमांक चारही भाषांत भिंतीवर लिहिलेला असता, तर कोणालाही न विचारता तिला तो मिळाला असता. पुढच्या वेळी मी रंग आणि कुंचला घेऊन जाणार आहे.

जिना अरुंद आणि उभा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी कठड्याच्या बाजूने चढावे. खुर्च्या दोनच आहेत, त्या वयस्कर बायकांसाठी सोडाव्यात. पहिल्यांदा येणारीला एकटीने वर चढणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून दर शनिवारी पावणेचारपासून मी जिन्याच्या पायथ्याशी उभी असते.